पाच रुपयांचं पीठ



एरवी मी तुमच्याशी बचत, कर्जफेड आणि हिशेबाची वही यांवर बोलते. आज जेवणाविषयी बोलणार आहे. पण फिरून हिशेबावरच येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या तिघी जणी मुंबईला एका भारी हॉटेलात जेवून आलो. गटाच्या अध्यक्ष, त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. दुसऱ्या माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आणि तिसरी मी. परत आल्यावर गावात महिनाभर तोच विषय. काय खाल्लं? चमच्यानं खाल्लं का? बिल किती झालं? म्हटलं, सगळ्यांना एकदाच रेडिओवरून सांगून टाकावं.

सुरुवात अशी झाली. आदल्या वर्षी आम्ही मुंबईच्या प्रदर्शनात हुलग्याचं पीठ घेऊन बसलो होतो. एक तरुण आचारी आला. त्याला तिकडं शेफ म्हणतात. त्यानं पीठ चिमटीत घेतलं, हुंगलं, आणि विचारलं, "याचं काय काय करता?" अक्कांनी सांगितलं, शेंगोळे, माडगं, पिठलं. तो दोन किलो घेऊन गेला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, महिन्याला वीस किलो पाठवाल का? भाव आम्ही सांगितला तोच, किलोला १२० रुपये. त्यानं घासाघीस केली नाही. आम्ही खूश झालो. पुढच्या हिवाळ्यात प्रदर्शनाला परत गेलो तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या पिठाचं मी काय करतो ते बघायला या. दुपारचं जेवण आमच्याकडं."

आत्याबाई गटाच्या सभासद, पण त्या मुंबईला आल्या होत्या आम्हाला वाट दाखवायला. कारण मुंबई त्यांना ठाऊक. लग्नानंतरची काही वर्षं त्या लालबागला राहिलेल्या. सासरे गिरणीत होते. चाळीतल्या एका खोलीत आत्याबाई नऊ जणांची खाणावळ चालवायच्या. गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी हे काम केलंय. गावाकडून आलेले एकटे गडी, दोन वेळचं जेवण, महिन्याचे ठरलेले पैसे. पहिल्या पाळीचा डबा, दुसऱ्या पाळीचं ताट, चूल कधी विझायचीच नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच खाणावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण गटातून बँकेत जातो, त्या वाटेवर आपल्या आधी चाललेल्या या बायका. आत्याबाई मात्र त्या मंडळात नव्हत्या. त्यांच्याकडं फक्त एक उधारीची वही होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. दत्ता सामंत पुढारी होते, अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले. पगार बंद, पण पोट बंद होत नाही. आत्याबाईंनी नऊ जणांना उधारीवर जेवू घातलं. काही महिन्यांनी पाटल्या मोडल्या. मग गावी परत आल्या, त्या आल्याच. गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या आवारांत हळूहळू टॉवर, मॉल, ऑफिसं आणि हॉटेलं आली.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आम्हाला जेवायला बोलावलं होतं ते हॉटेल एका जुन्या गिरणीच्या आवारात होतं.

अशा हॉटेलांना 'मॉडर्न इंडियन' म्हणतात. म्हणजे पदार्थ आपल्याकडचेच, पण मांडणी नवी, पद्धत नवी. दिल्लीत २००९ साली इंडियन अॅक्सेंट निघालं, मुंबईत २०१५ साली लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात बॉम्बे कॅन्टीन, मग २०१६ साली महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात मास्क. आधी भारी हॉटेल म्हटलं की पनीर, तंदूर, नाही तर परदेशी जेवण. आता तिथं गावरान भाज्या, बाजरी, नाचणी, कोकम मानानं मांडतात. आम्ही गेलो ते या तिन्हींतलं नव्हे. नाव सांगत नाही, कारण पुढं भावाची गोष्ट येणार आहे.

फाटकात आत्याबाई थबकल्या. उंच धुराडं तसंच उभं होतं. म्हणाल्या, "ह्या फाटकातनं मी डबा द्याची. आत कधी सोडलं न्हाई." आणि पदर सावरून आत गेल्या.

आत गार, अंधूक उजेड, पितळेची भांडी, भिंतीवर जुन्या विटा तशाच ठेवलेल्या. खुर्ची ओढायला एक पोरगा पुढं आला. अक्का दचकून उठल्याच, त्यांना वाटलं तो खुर्ची काढून घेतोय. आम्ही तिघी इतक्या हसलो की बावरलेपण तिथंच संपलं.

त्या पोरानं हिंदीत विचारलं, काही चालत नाही असं आहे का? दाणे, दूध, वांगं, असं काही सोसत नसेल तर सांगा. हे तिथं प्रत्येकाला विचारतात, कुणाला एखाद्या पदार्थाचा त्रास होत असतो म्हणून. आत्याबाई लालबागच्या हिंदीत म्हणाल्या, "हमको सब चलता है. बासी भी चलता है." पोरगा काय बोलावं न सुचून हसला. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. आत्याबाईंना काय आवडतं, काय सोसत नाही, हे मी एकदाही विचारलेलं नव्हतं.

मग जेवण यायला लागलं. तिथं सगळं ताट एकदम येत नाही. एक पदार्थ येतो, तो संपला की दुसरा. पहिल्यांदा रुपयाच्या नाण्याएवढ्या बाजरीच्या भाकऱ्या, वर लोणी आणि ठेचा. अक्का म्हणाल्या, "ह्यो नैवेद्य झाला, जेवण कवा?" मग छोट्या पेल्यात सोलकढी. मग भरलं वांगं, पण देठासकट एकच, ताटाच्या मधोमध. मग आला आपला हुलगा.

खोलगट पांढरं ताट. त्यात सात शेंगोळे, करंगळीत बसतील एवढे. पोरानं किटलीतून त्यावर गरम रस्सा ओतला, गाळलेला, काचेसारखा साफ. वर भाजलेल्या लसणाच्या तेलाचे थेंब. पहिलं ताट त्यानं आत्याबाईंच्या पुढं ठेवलं. तिथं रीतच तशी आहे, आधी वडीलधाऱ्या बाईला. आत्याबाईंनी आपलं ताट माझ्याकडं सरकवलं. पोरानं ते हळूच परत त्यांच्यापुढं केलं.

तो गढवालचा होता. म्हणाला, आमच्याकडं याला गहत म्हणतात, थंडीत आई करते. बघा, कोकणात कुळीथ, आपल्याकडं हुलगा, पहाडात गहत. आंध्रात त्याचं उलवचारू करतात. जिथं पाऊस कमी आणि जमीन हलकी, तिथं हुलगा येतो. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. पण आपण त्याला गरिबाचं अन्न म्हणून पाव्हण्यापासून लपवतो. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माहेरचे आले, तेव्हा घरात शेंगोळे शिजत होते. आत्याबाईंनी पातेलं झाकून मागं नेलं होतं आणि शेजारून गव्हाचं पीठ उसनं आणलं होतं. तोच पदार्थ आता आमच्यापुढं पांढऱ्या ताटात होता.

शेफ बाहेर आला. हात जोडून म्हणाला, "कसं झालंय, खरं सांगा." अक्का म्हणाल्या, छान. आत्याबाई म्हणाल्या, "रस्सा चांगला हाय. आमच्यापेक्षा चांगला. पर शेंगोळं बसलं न्हाई. पीठ सैल मळलंस. घट मळ आन् हातावर वळ, यंत्रात नगं घालू. वळताना बोटाचा दाब बसतो, तवा रस्सा आत जातो." त्यानं खिशातून वही काढून लिहून घेतलं. आत्याबाई त्याच्या वहीकडं बघत राहिल्या.

आता भावाची गोष्ट. आम्हाला बिल येणार नव्हतं, आम्ही पाहुण्या होतो. पण माझी खोड, मी पदार्थांचं कार्ड मागून घेतलं. शेंगोळ्यांपुढं लिहिलं होतं ६५० रुपये.

मी मनात हिशेब मांडला. सात शेंगोळ्यांना चाळीस ग्रॅम पीठ. म्हणजे एका किलोत पंचवीस ताटं. पंचवीस गुणिले ६५०, सोळा हजार दोनशे पन्नास रुपये. आम्हाला एका किलोचे मिळतात १२०. एका ताटात आमचं पीठ किती रुपयांचं? चार रुपये ऐंशी पैशांचं. पाच रुपये धरा.

मी कार्ड अक्कांपुढं धरलं. त्यांचा घास हातातच राहिला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. शेफ परत आला तेव्हा सरळ विचारलं. त्यानं टाळलं नाही. म्हणाला, गिऱ्हाईक शंभर रुपये देतं, त्यातले तीसच्या आसपास मालाला जातात. तेवढेच किंवा थोडे जास्त पगाराला, कारण आत-बाहेर मिळून पन्नास माणसं आहेत. मग या जागेचं भाडं, वीज, गॅस, कपड्यांची धुलाई, फुटलेली भांडी. सरतेशेवटी दहा उरले तर महिना चांगला.

मी म्हटलं, "मग ६५० मधले तीस टक्के म्हणजे १९५. पीठ तर पाच रुपयांचं." तो हसला. रस्सा, तूप, तेल यांचा खर्च वेगळा, म्हणाला. आणि दुसरं असं की पापलेटाच्या ताटात मालच महाग, तिथं तीस टक्क्यांत भागत नाही. मग तिथली तूट स्वस्त मालाच्या ताटातून भरून काढायची. म्हणजे मैत्रिणींनो, आपला हुलगा पापलेटाचा खर्च उचलत होता.

मग तो म्हणाला ते मी विसरले नाही. "ताई, तुम्ही १२० सांगितले, मी १२० दिले. ते कसे काढले, ते मला माहीत नाही." आणि खरं सांगते, ते मलाही माहीत नव्हतं. बाजारात पीठ शंभराला मिळतं, आपलं चांगलं आहे, म्हणून १२०. एवढाच आमचा हिशेब होता.

निघताना आत्याबाईंनी बटव्यातून शंभराची नोट काढली आणि त्या गढवालच्या पोराच्या हातात ठेवली. तो घेईना. त्या म्हणाल्या, "घे. वाढणाराला कुणी देत न्हाई. माझ्या वहीत अजून नऊ जणांची उधारी हाय."

गावी आल्यावर गटाची बैठक झाली. मी सगळं सांगितलं, ६५० चा आकडाही सांगितला. आणि बैठक पेटली. एक जण म्हणाली, आपल्याला लुटलं, माल बंद करा. दुसरी म्हणाली, महिन्याला वीस किलो नेणारं गिऱ्हाईक तोडू नका. तिसरीनं माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही तिथं फुकट जेवून आलात. आता कोणत्या तोंडानं भाव वाढवून मागणार?"

ते मला लागलं. कारण माझ्याही मनात तेच होतं. कुणी प्रेमानं जेवू घातलं की आपण मिंध्या होतो. त्यांनी मानानं जेवू घातलं यात शंका नाही, पण भावाची गोष्ट वेगळी. मी म्हटलं, भांडू नका, वही आणा. आणि भिंतीवर खडूनं हिशेब मांडला.

एक किलो पिठाला निवड, चाळण जाऊन सव्वा अकराशे नव्हे, अकराशे ग्रॅम हुलगा लागतो. किलोला ६५ रुपये धरले तर ७२ रुपये. दळण ६ रुपये. पाकीट आणि लेबल ९. मुंबईला पोहोचवणं १४. झाले १०१. आम्ही विकतो १२० ला. उरले १९.

आता काम. दहा किलो पिठाला खडे निवडणं, धुणं, वाळवणं, चाळणं, पाकिटं भरणं, दोघी जणींचे चार-चार तास. म्हणजे आठ तास. दहा किलोचे उरले १९० रुपये. भागिले आठ. तासाला चोवीस रुपये सुद्धा पुरते नाहीत. आमच्याकडं खुरपणीला बाईला ३०० रुपये मिळतात, सहा तासांचे. तासाला पन्नास.

सगळ्या गप्प झाल्या. मुंबईच्या हॉटेलानं लुटलं म्हणून आम्ही भांडत होतो, पण आधी आम्हीच आमची मजुरी अर्ध्यावर आणली होती. ते हॉटेल वाढणाऱ्याचा पगार धरतं, भांडी घासणाऱ्याचा धरतं, फुटलेली बशीसुद्धा धरतं. आणि आम्ही आमचे आठ तास धरले नव्हते. का? कारण निवडणं, टिपणं हे बाईचं कामच, त्याचे कसले पैसे!

मग नवा हिशेब. १०१ खर्च, ४० मजुरी, १४ गटाच्या खात्याला. १५५ रुपये. फोन मी केला. हात थरथरत होता. जेवणाबद्दल आभार मानले आणि मग आकडा सांगितला, हिशेबाचा कागदही फोनवर पाठवला. आठ दिवस उत्तर नाही. गटातल्या बायका माझ्याकडं बघायच्या आणि मान वळवायच्या. नवव्या दिवशी फोन आला. १५० ला तयार, पण वीसऐवजी पंधरा किलो. आम्ही हो म्हटलं. किलोमागं ४० रुपये मजुरी आणि ९ रुपये गटाला. माल कमी झाला, पण कामाचे पैसे वाढले. आधी महिन्याला वीस किलोचे ३८० उरायचे, आता पंधरा किलोचे ७३५ उरतात.

आणि गावात भाव वाढवला का? नाही. सुट्या पिठाला पाकीट नाही, वाहतूक नाही. ७२, ६ आणि ४० मजुरी, ११८ होतात. आठवडी बाजारात १२० च ठेवला. आपल्या माणसांना परवडलं पाहिजे आणि आपली मजुरीही निघाली पाहिजे. दोन्ही बसलं, कारण वही मांडली.

आता तुमच्यापैकी कुणी कधी अशा ठिकाणी गेलात तर थोडं ध्यानात ठेवा. साधं पाणी मागा, बाटलीच्या पाण्याचे पैसे पडतात. कार्डावरचं कळलं नाही तर विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. हातानं खायचं तर खुशाल खा. बिलावर जीएसटी असतो, तो द्यावाच लागतो. पण 'सर्व्हिस चार्ज' लावला असेल तर तो देणं आपल्या मर्जीवर आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसे नियम काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. अडवणूक झाली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

शेवटचं घरातलं सांगते. मुंबईहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी शेंगोळे केले. नवरा आणि पोरं बसली. आत्याबाई नेहमीसारख्या चुलीपुढं. मी ताट वाढलं आणि पहिलं त्यांच्यापुढं ठेवलं. त्या म्हणाल्या, "आगं, आधी त्यास्नी वाढ." मी म्हटलं, "मुंबईत आधी तुम्हालाच वाढलं होतं." नवऱ्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग पातेलं मधे ओढलं आणि आपलं आपण वाढून घेतलं. आता रात्रीचं जेवण आम्ही सगळे एकदम बसून करतो. रोज जमतं असं नाही, पण बऱ्याचदा जमतं.

ही हौसेची गोष्ट नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागं ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी होण्याची कारणं बरीच, पण सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा राहतो आणि शेंगोळे संपलेले असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तर या महिन्याचं काम. तुमचा गट जे विकतो, पापड, शेवया, चटणी, गोधड्या, काहीही, त्याचा हिशेब पुढच्या बैठकीत भिंतीवर मांडा. मालाखाली एक ओळ जास्त काढा, 'आमचे तास'. ती रिकामी सोडू नका.

आत्याबाईंना मी विचारलं, हे रेडिओवर सांगू का? म्हणाल्या, "सांग. आन् त्या पोराला निरोप दे, पीठ घट मळ म्हणावं."

पुढच्या महिन्यात भेटू. रामराम.